सोळा पिनांची पेटी : ओबीडी ब्रेकआउट बॉक्सचा दीड वर्षाचा अनुभव

ही पेटी मी स्वतःच्याच चुकीमुळे विकत घेतली, हे आधी सांगून टाकतो. गाडीच्या डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या आसपास, सोळा पिनांचे जे डायग्नोस्टिक (ओबीडी) सॉकेट, म्हणजे गाडीतले बिघाड तपासायचे जोडस्थान, असते, त्याच्या सहाव्या आणि चौदाव्या पिनेत मल्टिमीटरच्या जाड सुया खुपसून मोजमाप करण्याची मला अनेक वर्षांची सवय होती. सुई आत जाते, आकडा दिसतो, काम भागते. एकदा एका ओळखीच्या गाडीला स्कॅनर (बिघाडांच्या नोंदी वाचणारे यंत्र) लावला, तर तो कधी जुळे, कधी जुळतच नसे. तासभर वायरिंग धुंडाळल्यावर ध्यानात आले, की मागच्या खेपेला माझ्याच सुईने सहाव्या पिनेची आतली पकड फाकली होती. बिघाड शोधायला गेलेल्या माणसानेच तिथे नवा बिघाड पेरून ठेवला होता. त्यानंतर आठवड्याभरात मी ब्रेकआउट बॉक्स मागवला. वाहनांच्या विद्युत दुरुस्तीच्या कामात गेले दीड वर्ष तो माझ्या रोजच्या वापरात आहे.

उत्पादकाचे नाव घेत नाही, कारण याच घडणीची पेटी अनेक छापांखाली विकली जाते आणि आतली मांडणी जवळपास सारखीच असते. तळहाताएवढी काळ्या प्लास्टिकची पेटी, एका बाजूने हातभर केबल आणि तिच्या टोकाला गाडीच्या सॉकेटात बसणारा प्लग, दुसऱ्या बाजूला गाडीत असते तसेच सॉकेट, ज्यात स्कॅनर लावता येतो, आणि वरच्या पृष्ठभागावर दोन ओळींत सोळा गोल भोके, ज्यांत मीटरचे बनाना प्लग घट्ट बसतात. प्रत्येक भोकाशेजारी एक बारीक एलईडी आहे. आत कसलीही हुशारी नाही. गाडीची प्रत्येक तार पेटीतून सरळ पुढे स्कॅनरपर्यंत जाते आणि वाटेत तिचा एक फाटा बाहेर काढून दिलेला असतो, एवढेच. हुशारी नसणे हा मला या वस्तूचा मोठा गुण वाटतो, कारण आकडा खोटा निघाला तर संशय मीटरवर किंवा गाडीवर घेता येतो, पेटीवर घ्यावा लागत नाही.

चांगला स्कॅनर असताना ही पेटी कशाला, असे मला बरेच जण विचारतात. स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे पाहिले की उत्तर मिळते. फॉल्ट कोडांपैकी, म्हणजे गाडीने साठवलेल्या बिघाडांच्या नोंदींपैकी, ज्यांची सुरुवात यू या अक्षराने होते ते मॉड्यूलांच्या (गाडीचा एकेक भाग सांभाळणाऱ्या छोट्या संगणकांच्या) आपसांतल्या दळणवळणाचे कोड. यू०१०० म्हणजे इंजिनच्या मॉड्यूलशी (ईसीयूशी) संपर्क तुटला, यू०१०१ म्हणजे गिअरबॉक्सच्या मॉड्यूलशी, यू०१२१ म्हणजे एबीएसशी (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेशी), यू०१३१ म्हणजे पॉवर स्टिअरिंगशी, यू०१४० म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूलशी, यू०१५५ म्हणजे मीटर क्लस्टरशी (डॅशबोर्डवरच्या काट्यांच्या पॅनेलशी). हे कोड वाचताना सर्रास होणारी चूक अशी, की ज्याचे नाव कोडात आले तेच मॉड्यूल दोषी धरले जाते. वास्तविक यू०१२१ हा कोड एबीएसमध्ये साठवलेला नसतोच. ‘एबीएसचा आवाज मला ऐकू आला नाही’ अशी दुसऱ्याच कुणा मॉड्यूलने केलेली ती नोंद असते. शाळेच्या हजेरीपटावरच्या गैरहजेरीच्या फुलीसारखीच ती समजावी. मुलगा आजारी आहे, वाटेतला पूल वाहून गेला आहे, की हजेरी घेणाऱ्यालाच कमी ऐकू येते, हे त्या फुलीवरून कळत नाही. ते कळण्यासाठी तारेवर मोजमाप करावे लागते आणि त्या मोजमापाची सोय ही पेटी करते.

नेमके काय मोजायचे, हे थोडे खुलाशाने सांगायला हवे, नाही तर पेटीचे कौतुक पोकळ वाटेल. बॉश कंपनीने १९८६ मध्ये डेट्रॉईटच्या अभियंता परिषदेत कॅन बस ही पद्धत मांडली, १९९१ च्या मर्सिडीझ एस-क्लासपासून ती प्रवासी गाड्यांत रुळू लागली, आणि अमेरिकेत २००८ पासूनच्या नव्या गाड्यांना डायग्नोस्टिक सॉकेटवर कॅन सक्तीचे झाले. त्याआधी एकेका संदेशासाठी स्वतंत्र तार ओढावी लागे. कॅनमध्ये सगळी मॉड्यूले एकमेकींना पीळ दिलेल्या दोनच तारांवर बोलतात. या सामायिक जोडीलाच बस म्हणतात; तिची हाय तार सॉकेटाच्या सहाव्या पिनेवर येते आणि लो तार चौदाव्या पिनेवर. कुणी बोलत नसते तेव्हा दोन्ही तारांवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. मॉड्यूल बोलू लागले की हाय तार सुमारे ३.५ व्होल्टपर्यंत चढते आणि लो तार सुमारे १.५ पर्यंत उतरते, आणि ऐकणारे मॉड्यूल या दोहोंतला फरक तेवढा बघते. इग्निशनचा किंवा मोटरचा उपद्रव पीळ दिलेल्या दोन्ही तारांवर जवळपास सारखाच उमटतो, त्यामुळे फरकात तो गळून पडतो. तारांच्या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. तो बहुधा वेगळा दिसत नाही, टोकाच्या मॉड्यूलच्या पोटातच असतो. तो नसेल तर संदेशाची लाट टोकावर आपटून परत फिरते आणि मागून येणाऱ्या लाटेत मिसळते. इंजिन, ब्रेक वगैरेंच्या वेगवान कॅनवर सेकंदाला पाच लाख बिट धावतात, म्हणजे एका बिटाच्या वाट्याला २ मायक्रोसेकंद येतात. एवढ्या घाईत परतीच्या लाटांचा गोंधळ परवडत नाही.

तेव्हा पहिली चाचणी रोधाची. बॅटरीची ऋण तार सोडायची, मॉड्यूले पूर्ण झोपेपर्यंत काही मिनिटे थांबायचे, आणि पेटीच्या ६ व १४ क्रमांकाच्या भोकांत मीटर लावून ओहम वाचायचे. दोन १२० समांतर जोडले की ६० होतात. ६० च्या आसपास आकडा आला तर तारांचा मुख्य मार्ग अखंड आहे असे समजायला हरकत नाही. १२० आला तर एका बाजूचा रेझिस्टर दिसत नाही, म्हणजे वाटेत तार तुटली आहे किंवा टोकाचे मॉड्यूल जोडलेले नाही. शून्याजवळ आला तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. ४० आला तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवला आहे, आणि असा पाहुणा बहुतेक वेळा मागाहून बसवलेल्या एखाद्या उपकरणात सापडतो. सुया खुपसूनही हे करता येत होते, मग पेटीने काय वेगळे केले? तिने माझे दोन्ही हात मोकळे केले. मीटर सीटवर ठेवायचा, आकडा दिसेल असा वळवायचा, आणि दोन्ही हातांनी हार्नेस (तारांची जुडी) हलवत, कनेक्टर एकेक काढत गाडीभर फिरायचे. शून्य ओहमची गाडी असेल तर एकेक मॉड्यूल सोडवत जायचे. ज्या क्षणी आकडा शून्यावरून वर उडतो, त्या क्षणी हातात असलेला कनेक्टर गुन्हेगाराचा. पूर्वी हे काम दोन माणसांचे होते, एकाने सुया धरून बसायचे आणि दुसऱ्याने ओरडून विचारायचे.

दुसरी चाचणी व्होल्टची. ही बॅटरी जोडून, इग्निशन चालू ठेवून करायची. साधा मीटर वेगाने बदलणाऱ्या व्होल्टची सरासरी दाखवतो, म्हणून धावत्या बसवर हाय तारेला सुमारे २.७ आणि लो तारेला सुमारे २.३ असे काही दिसते. मी दोन्ही आकड्यांची बेरीज करतो. ती पाचाच्या जवळपास असेल तर पुढे जातो. दोन्हीकडे शून्य असेल तर अर्थशी, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी, शॉर्ट किंवा झोपलेली बस, आणि एखाद्या तारेवर १२ दिसले तर बॅटरीच्या तारेशी लगट. मात्र या दोन्ही चाचण्यांच्या आधी ४ (अर्थ) आणि १६ (बॅटरी) क्रमांकाच्या भोकांत मीटर लावून, इंजिन सुरू करताना बॅटरी किती खाली बसते ते बघावे, असा माझा आग्रह आहे. दुबळ्या बॅटरीमुळे स्टार्टर फिरताना मॉड्यूले क्षणभर बंद पडतात आणि परत शुद्धीवर आल्यावर एकमेकांच्या नावे संपर्क तुटल्याच्या नोंदी करून ठेवतात. पंधरा-वीस यू कोड एकदम दिसले, की मी वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीचे आणि अर्थचे नट बघतो.

आता ज्या कामात पेटीची किंमत वसूल झाली ते काम. एक गृहस्थ गाडी घेऊन आले. तक्रार अशी, की खराब रस्त्यावर अधूनमधून आरपीएमचा काटा शून्यावर पडतो, एबीएसचा दिवा लागतो, स्टिअरिंग जड होते, इंजिन मात्र चालूच राहते, आणि काही सेकंदांत सगळे पूर्ववत. दुसऱ्या एका वर्कशॉपने यू०१२१ वाचून एबीएसचे अख्खे मॉड्यूल बदलले होते. दोष तसाच होता. ‘आत्ता काहीच होत नाहीये बघा,’ असे ते तीनदा म्हणाले, आणि या धंद्यात हे वाक्य रोजचेच आहे.

मी आधी स्कॅनरने सगळी मॉड्यूले वाचली आणि कुठल्या मॉड्यूलने कुणाच्या नावाने तक्रार केली आहे ते कागदावर मांडले. मीटर क्लस्टर, बॉडी कंट्रोल आणि स्टिअरिंग या तिघांची तक्रार इंजिन आणि एबीएसविरुद्ध होती. इंजिन आणि एबीएसची तक्रार क्लस्टर आणि बॉडी कंट्रोलविरुद्ध होती. इंजिनने एबीएसविरुद्ध, किंवा क्लस्टरने स्टिअरिंगविरुद्ध, काहीही म्हटलेले नव्हते. केबिनमधली मंडळी बॉनेटखालच्या मंडळींना ऐकू शकत नव्हती आणि उलट, पण आपापल्या घरात बोलणे चालू होते. म्हणजे मॉड्यूल एकही मेलेले नाही, दोन घरांच्या मधली वाट कुठेतरी तुटते आहे. एवढे अनुमान नुसत्या स्कॅनरवर निघते आणि त्याचे श्रेय स्कॅनरला दिलेच पाहिजे. फक्त त्यासाठी एकच कोड वाचून न थांबता सगळ्या मॉड्यूलांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात.

मग बॅटरी सोडून पेटी लावली. ६०.४ ओहम. निर्दोष आकडा. मीटर सीटवर ठेवून मी पुढच्या प्रवाशाच्या पायाशी गालिचा उचलला, तर खालचा फेल्ट ओला होता. तिथे, कडेच्या पत्र्याला क्लिपने अडकवलेला, केबिन आणि बॉनेटचे हार्नेस जोडणारा मोठा कनेक्टर होता. त्याच्या मागची वायरिंग जराशी ओढली आणि आकडा ६७ झाला. आणखी वाकवली तर ९० च्या पुढे, आणि मग ११९. सोडली की परत ६०. हिशेब सरळ आहे : एका बाजूचे १२० जसेच्या तसे आहेत, दुसऱ्या बाजूच्या १२० च्या वाटेत कुजलेला सांधा आपला रोध मिसळतो आहे, ६७ आला तेव्हा तो सांधा तीसेक ओहमचा होता, ११९ आला तेव्हा तो जवळजवळ पूर्ण उघडा होता. कनेक्टर उघडल्यावर लो तारेच्या पिनेवर, पितळेच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक दिसला. शेजारच्या हाय तारेची पिन नुकती काळवंडू लागली होती. पुढच्या काचेखालच्या पन्हळीचे भोक पाल्याने बुजले होते आणि तिथले पाणी हार्नेसच्या वाटेने थेंबथेंब आत येत होते.

काटा काही सेकंद पडून परत का चढे, याचेही उत्तर कॅनच्या नियमांत आहे. प्रत्येक मॉड्यूल आपल्या चुकांचा हिशेब ठेवते. पाठवताना चूक झाली की साधारणपणे मोजणीत ८ ची भर पडते, संदेश नीट गेला की १ वजा होतो, आणि मोजणी २५५ च्या पुढे गेली की ते स्वतःला बसपासून तोडून गप्प बसते. परत यायचे कधी, हे पुढे त्याच्या प्रोग्रामप्रमाणे ठरते. खड्ड्यात सांधा क्षणभरच उघडत असे, पण त्या क्षणात चुकांचा इतका ढीग साचे की त्याचे परिणाम काटा पडण्याच्या रूपाने काही सेकंद दिसत राहत.

दुरुस्ती म्हणून नुसता स्प्रे मारून कनेक्टर परत बसवला नाही. दोन्ही बाजूंच्या चारही पिना नव्या घातल्या, तारा शक्य तितक्या थोड्या लांबीपुरत्याच उलगडल्या, पीळ पुन्हा सांध्यापर्यंत आणला, पन्हळ मोकळी केली, आणि मग पुन्हा पेटी लावून तीच वायरिंग पूर्वीपेक्षा जोराने ओढली. आकडा ६० वरून हलला नाही. हे शेवटचे मोजमाप मला फार मोलाचे वाटते. कोड पुसून ‘चालवून बघा’ असे सांगण्यात आणि दोष ज्या हालचालीने येत होता त्याच हालचालीने तो आता येत नाही हे गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत आकड्यावर दाखवण्यात फरक आहे.

पेटीला दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप (व्होल्टचा चढउतार पडद्यावर आलेखासारखा दाखवणारे यंत्र) जोडला की तिची उपयुक्तता कितीतरी वाढते, पण तो ज्याच्याकडे आहे त्याला हे सांगायची गरज नाही. एकच उदाहरण देतो. एखाद्या मॉड्यूलची अर्थ तार गंजली असेल तर मीटरची सरासरी जवळपास ठीक दिसते; स्कोपवर मात्र इतरांचे संदेश २.५ च्या पायावरून चढतात-उतरतात आणि त्या एकाच मॉड्यूलचे संदेश थोडे वर उचललेले दिसतात, कारण त्याचे शून्यच वर सरकलेले असते. ओळीत एकटाच विटेवर उभा असावा तसे. हे चित्र एकदा ओळखता आले की मॉड्यूल बदलण्याचा मोह बराच कमी होतो.

एलईडी दिव्यांविषयी माझे मत बदलले आहे. सुरुवातीला मला ते खेळणे वाटले. १६ चा दिवा लागला म्हणजे सॉकेटला बॅटरी पोहोचते, ६ आणि १४ चे मिणमिणू लागले म्हणजे तारांवर काहीतरी हालचाल आहे. यापेक्षा अधिक अर्थ त्यांतून काढू नये. पण रात्रीत बॅटरी उतरण्याच्या एका तक्रारीत तेवढाच अर्थ पुरला. गाडी कुलूपबंद करून बाहेर उभे राहिल्यावर काचेतून पेटी दिसत होती आणि तासाभराने, सगळी मॉड्यूले झोपायला हवीत तेव्हाही, ६ चा दिवा लुकलुकतच होता. मागाहून बसवलेल्या स्टिरिओबरोबर कॅन तारांना जोडलेला एक छोटा डबा बसला जागे ठेवत होता. त्याचा कनेक्टर काढल्यावर काही मिनिटांत दिवा विझला. पुढे अँपिअर मोजून खात्री केलीच, पण दिशा दिव्याने दाखवली.

आता दोष. सर्वांत गंभीर दोष असा, की १६ व्या पिनेवर, म्हणजे थेट बॅटरीच्या तारेवर, पेटीत फ्यूज नाही. भोके जवळजवळ आहेत, बनाना प्लगच्या बाजूला उघडा धातू असेल तर दोन प्लग एकमेकांना टेकतात, आणि मग गाडीचा फ्यूज उडतो. पुष्कळ गाड्यांत या सॉकेटचा फ्यूज आणि सिगारेट लायटरचा फ्यूज एकच असतो. स्कॅनर अचानक मेला की मी आधी लायटर चालतो का ते बघतो, ही सवय मला याच पेटीने लावली. मी पेटी उघडून त्या तारेत छोटा फ्यूज घातला आणि तेव्हापासून पूर्ण आवरण असलेलेच प्लग वापरतो. हे काम उत्पादकाने करायला हवे होते. त्याचा खर्च नगण्य आहे.

दुसरा दोष हास्यास्पद म्हणावा असा आहे. पेटीबरोबर आलेल्या कागदावर सॉकेटाचे जे चित्र आहे ते आरशातले आहे. गाडीचे सॉकेट समोरून पाहिले तर वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६ येतात. प्लग समोरून पाहिला तर हीच ओळ उलटी दिसते. कागदावर नाव सॉकेटाचे आणि चित्र प्लगाचे आहे. नवशिक्याने ते प्रमाण मानून थेट सॉकेटात सुई घातली तर ६ च्या जागी ३ आणि १४ च्या जागी ११ मोजेल, आणि त्या पिना गाडीनुसार मोकळ्या असू शकतात किंवा कंपनीने स्वतःच्या कामासाठी घेतलेल्या असू शकतात. पेटीवरचे आकडे बरोबर आहेत, पण त्यांची छपाई इतकी कच्ची की सहा महिन्यांत बोटांनी पुसली गेली. ते मी पांढऱ्या रंगाने पुन्हा लिहिले. प्लगच्या पिना आणि स्कॅनर लावायच्या सॉकेटाची पकड मात्र दीड वर्षात ढिली झालेली नाही, आणि माझ्या पूर्वेतिहासामुळे मी ती दर महिन्याला तपासतो. केबल आखूड असल्याची तक्रार काही जण करतात. ती मला मान्य नाही, कारण बसला लटकवलेली प्रत्येक जादा फूटभर तार लाटेला परत फिरायला जागा देते.

मोबाइलला ब्लूटूथने जोडायच्या चिमुकल्या अडॅप्टरशी या पेटीची तुलना करू नये, तरी ती होते म्हणून लिहितो. त्यांतले बहुसंख्य एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातल्या कंपनीच्या ईएलएम३२७ या चिपच्या नकला असतात; खोक्यावर १.५ अशी आवृत्ती छापलेली असेल तर ती नक्कल समजावी, कारण मूळ कंपनीने त्या क्रमांकाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. इंजिनचे कोड वाचायला असे अडॅप्टर ठीक आहेत. साध्या ॲपबरोबर ते एबीएस, बॉडी कंट्रोल, स्टिअरिंग यांच्याकडे बहुधा विचारणाच करत नाहीत, आणि वर सांगितलेला कोणाची-कोणाविरुद्ध-तक्रार हा तक्ता त्यांवर मांडता येत नाही. म्हणून संवादाचे बिघाड ज्याला हाताळायचे आहेत त्याने आधी सर्व मॉड्यूले वाचणारा स्कॅनर, मग भरवशाचा मल्टिमीटर, मग ही पेटी, याच क्रमाने खर्च करावा. ज्याला फक्त स्वतःच्या गाडीतला इंजिनचा दिवा समजून घ्यायचा आहे त्याने ही पेटी घेऊ नये; ती कपाटात पडून राहील.

पेटीची एक मर्यादा तिच्या हातात नाही, ती गाड्यांच्या बदलत्या रचनेत आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत सहावी आणि चौदावी पिन थेट इंजिनच्या बसला जात नाही. मध्ये गेटवे, म्हणजे एका बसवरचे संदेश दुसरीवर पोहोचवणारे, मॉड्यूल असते आणि त्याच्या पलीकडे चार-पाच वेगवेगळ्या बस असतात. अशा गाडीत सॉकेटवर ६० ओहम दिसले म्हणजे सॉकेट आणि गेटवेमधली वाट ठीक, एवढाच निष्कर्ष निघतो. काही रचनांत तिथे १२० हाच योग्य आकडा असतो. त्या गाडीचा वायरिंग डायग्राम समोर नसेल तर आकड्यावर विसंबू नये. खिडक्या, आरसे, पावसाचा सेन्सर अशा कामांसाठी असलेली लिन ही एका तारेची, १२ व्होल्टवर चालणारी संथ बसही बहुधा या सॉकेटपर्यंत येत नाही. तिच्यासाठी दारातला कनेक्टर उघडावाच लागतो. आणि पिवळ्या कनेक्टरांच्या, म्हणजे एअरबॅगच्या वाटेला पेटी किंवा मीटर घेऊन जाऊ नये.

त्या पाणी शिरलेल्या गाडीच्या मालकांनी बदलून निघालेले मूळ एबीएस मॉड्यूल डिकीतच ठेवले होते. जुन्या गाडीतून काढलेले एक सॉकेट माझ्याकडे होते; ते टेबलावर घेऊन त्याच्या ६ आणि १४ मध्ये १२० चे दोन रेझिस्टर टाकले, मॉड्यूलला १२ व्होल्ट दिले, दोन्ही कॅन तारा जोडल्या आणि पेटीतून स्कॅनर लावला. कॅनवर एकटे मॉड्यूल संदेश पूर्ण करू शकत नाही, पोच द्यायला दुसरे कुणीतरी लागते. ते काम स्कॅनरने केले. मॉड्यूल पहिल्याच विचारणेला उत्तर देऊ लागले. चाकांचे सेन्सर सापडत नसल्याचे ताजे कोड आले, टेबलावर ते येणारच. त्यांच्याखाली जुन्या नोंदी होत्या : यू०१४० आणि यू०१५५. बॉडी कंट्रोल ऐकू येत नाही, मीटर ऐकू येत नाही. स्वतःच्या बिघाडाची एकही नोंद नव्हती. मालकांनी स्क्रीनचा फोटो काढून घेतला आणि मॉड्यूल फडक्यात गुंडाळून परत डिकीत ठेवले.